उचलू नका, आम्ही आहोत ना!

घरातल्या माणसाने साठी-पासष्टी ओलांडली की त्याच्या हातातली ओझी एकेक करून काढून घेतली जातात. आधी बाजाराची पिशवी जाते, मग पाण्याची बादली, मग गाद्या घालणे, मग माळ्यावरचा डबा काढणे. काढून घेणाऱ्याच्या मनात माया असते आणि ज्याचे काम गेले त्यालाही बरे वाटते, कारण ‘आता तुम्ही बसा’ या वाक्यात आपल्याकडे मान असतो. शेजारीपाजारी त्यात भर घालतात: जड उचलू नका, कंबर धरेल, हर्निया होईल, प्रेशर वाढेल. यातल्या बहुतेक भीतींत थोडेफार तथ्य आहे आणि ते तपासायलाच हवे. पण या हिशेबात एकच बाजू मांडलेली असते. उचलल्याने काय होईल हे सगळे सांगतात. उचलणे बंद केल्याने काय होते, ते कोणी मांडत नाही. ते मांडून पाहिले तर वजन उचलावे की नाही हा वाद फारसा उरत नाही. ते किती, कसे आणि कोणत्या बेताने वाढवावे एवढेच ठरवायचे राहते. वजन हलके ठेवले म्हणजे आपण सुरक्षित, या समजुतीशी माझे भांडण आहे.

तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांनी साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की स्नायूंचे आकारमान जितके घटते त्यापेक्षा त्यांची ताकद अधिक झपाट्याने उतरते. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणाऱ्या मज्जापेशी वयानुसार कमी होतात; त्यांच्या हाताखालचे स्नायुतंतू पोरके होतात, त्यातल्या काहींना शेजारच्या मज्जापेशी सांभाळून घेतात, बाकीचे वाळतात. आधी जातात ते झटपट आकसणारे तंतू. ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून तोल सावरणारे हेच तंतू असतात. वजनकाट्यावर यातले काही दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते आणि माणूस ‘माझे वजन गेली वीस वर्षे तेवढेच आहे’ म्हणून समाधानात राहतो. अमेरिकन वैद्यक आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये या झिजेला सार्कोपेनिया असे ग्रीक नाव दिले, मांसाची उणीव अशा अर्थाचे. तोवर वैद्यकातही याकडे वयाचा स्वभाव म्हणूनच पाहिले जाई. नाव नसलेल्या दुखण्यावर उपचार कोण शोधणार?

ही झीज सगळी वयाच्या माथी मारता येत नाही. तिच्यातला किती वाटा वयाचा आणि किती न वापरण्याचा, याची चुणूक 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात दिसते. सरासरी सदुसष्ट वर्षांच्या, चांगल्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवले. आजार काही नव्हता, जेवण व्यवस्थित होते. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो स्नायू गेला. आपल्याकडे साध्या तापानंतर किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आजोबांना जी ‘पूर्ण विश्रांती’ दिली जाते ती या आकड्याशेजारी ठेवून पाहावी. शस्त्रक्रियेनंतर काही काळ वजन उचलू नका असे डॉक्टर सांगतात तेव्हा ते ऐकायचेच. पण त्या काळाची मुदत संपल्यावर ‘आता उचला’ असे सांगायला कोणी येत नाही आणि तात्पुरते बंधन आयुष्यभराचे होऊन बसते.

गेलेली ताकद परत येते का, याचे उत्तर 1990 मध्ये बॉस्टनमधून आले. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका वृद्धाश्रमवजा रुग्णालयातली दहा माणसे निवडली. वय शहाऐंशी ते शहाण्णव. बहुतेकांना दोन-तीन जुनाट दुखणी, काही आधाराशिवाय चालू न शकणारे. त्यांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी यंत्रावर वजन उचलायला लावले, आणि तेही चांगले जड: माणूस एका दमात जेवढे जास्तीत जास्त उचलू शकतो त्याच्या ऐंशी टक्के. नऊ जणांनी क्रम पुरा केला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली. मांडीच्या स्नायूचे आकारमान मात्र नऊच टक्क्यांनी वाढले होते. ताकद आणि आकार यांतली ही तफावत बोलकी आहे: सुरुवातीची बरीचशी ताकद नव्या मांसातून येत नाही, झोपी गेलेल्या तंतूंना मज्जासंस्था पुन्हा कामाला लावते त्यातून येते. म्हणूनच पहिल्या दोन महिन्यांत फरक जाणवतो आणि आरशात काहीच दिसत नाही.

दहा माणसांवरचा, तुलनेला दुसरा गट नसलेला प्रयोग म्हणून कोणी त्यावर शंका घेईल, आणि ती रास्त आहे. त्याच शास्त्रज्ञांनीही ती घेतली होती. 1994 मध्ये त्यांनी सरासरी सत्त्याऐंशी वर्षांच्या शंभर आश्रमवासीयांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार गटांत वाटणी केली: कोणाला व्यायाम, कोणाला पौष्टिक पेय, कोणाला दोन्ही, कोणाला दोन्ही नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची शक्ती वाढली. नुसते पेय घेणाऱ्यांत असा काही फरक पडला नाही. औषधाच्या दुकानात काउंटरवर मांडून ठेवलेल्या ‘ज्येष्ठांसाठी’ डब्यांकडे हात जाण्याआधी ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवायला हरकत नाही.

आता ‘जड’ या शब्दाकडे वळू, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. जड वजन म्हटले की डोळ्यांपुढे लोखंडी दांड्याला दोन्ही बाजूंनी चकत्या लावलेला पहिलवान येतो. शरीराला मात्र किलो कळत नाहीत, त्याला स्वतःच्या कमाल ताकदीशी असलेले प्रमाण कळते. बॉस्टनच्या त्या प्रयोगातल्या एखाद्या नव्वदीतल्या बाईचे ऐंशी टक्के म्हणजे सुरुवातीला जेमतेम काही किलो असतील. एखाद्या निवृत्त हमालाच्या दृष्टीने तेवढे वजन म्हणजे रिकामी पिशवी. तेव्हा अमुक वयात अमुक किलोपर्यंत उचलावे असा तक्ता करताच येत नाही, आणि कोणी तो दिला तर त्याच्यापासून दूर राहावे. घरी मोजायची सोपी रीत अशी: जे वजन आठ ते बारा वेळा नीट उचलता येते आणि त्यानंतरही दोन-तीन वेळा उचलता आले असते असे वाटते, ते त्या दिवशीचे योग्य वजन. गप्पा मारत तीस वेळा हलवता येते ते वजन हात हलवण्यापुरते ठीक, त्याने ताकद फारशी वाढत नाही. सहाव्या वेळी पाठ वाकडी होऊ लागली, दम कोंडू लागला, तर ते जास्त झाले. सांधे दुखरे असतील त्यांनी वजन कमी ठेवून आवर्तने वाढवावीत. स्नायू दमेपर्यंत काम झाले तर हलक्या वजनानेही तो भरतो, निव्वळ ताकद मात्र जडानेच जास्त वाढते.

‘आम्ही रोज तासभर चालतो’ हा पहिला आक्षेप. बागांमधल्या पहाटेच्या गर्दीकडे पाहून कोणालाही आनंद व्हावा, आणि चालण्याचे हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी जे फायदे आहेत त्यांत वाद नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात पासष्टीपुढच्या माणसांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम एका ओळीत आहे, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम दुसऱ्या ओळीत आहे, आणि तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारा मिश्र व्यायाम तिसऱ्या ओळीत. एकाने दुसऱ्याची भरपाई होते असे कुठे म्हटलेले नाही. चालण्यात पायांवर पडणारा भार रोज तेवढाच असतो, म्हणजे आपल्याच शरीराचा. स्नायू त्याला सरावला की वाढण्याचे कारण उरत नाही. हातांना, खांद्यांना, पाठीला तर चालण्यातून जवळपास काहीच मिळत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर स्नायूंकडे विशेष लक्ष द्यावे, कारण जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलून घेणारे शरीरातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एवढ्या लोकांना चालण्याचा सल्ला मिळतो. मांडीचे स्नायू सांभाळा असे त्यातल्या कितीकांच्या कानावर पडत असेल, याची शंकाच आहे.

‘घरकामात होतोच की व्यायाम’ हा आक्षेप बायकांकडून येतो आणि तो अर्धा खरा आहे. जात्यावर दळणे, विहिरीचे पाणी शेंदणे, हंड्यावर हंडा घेऊन चढ चढणे, चुलीपुढे उकिडवे बसून दहा वेळा उठणे, यांत मांड्या, पाठ, पकड सगळे कामाला लागत असे. मात्र त्या कामाची किंमतही बायकांनी कमरेने आणि गुडघ्यांनी मोजली आहे. भार किती असावा आणि विश्रांती केव्हा घ्यावी हे त्यांच्या हातात नव्हते, त्यामुळे त्या कष्टांना व्यायाम म्हणून मिरवणे मला पटत नाही. आणि ती कामे आता बऱ्याच घरांतून गेली आहेत. उभा ओटा, कमोड, मिक्सर, लिफ्ट यांनी दिवसभरातल्या उठाबशा संपवल्या. उरलेल्या कामात वाकणे आहे, उचलणे नाही. फरशी पुसण्याने दमायला होते हे खरे, पण यंदा फरशी गेल्या वर्षापेक्षा जड झालेली नसते.

रक्तदाबाचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो उडवून लावणाऱ्या जिम-गुरूंवर विश्वास ठेवू नये. 1985 मध्ये कॅनडात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी पाच तरुण शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून व्यायाम चालू असतानाचा दाब थेट मोजला. दोन्ही पायांनी वजन ढकलताना तो सरासरी 320 वर 250 पर्यंत गेला. एका गड्याचा तर 480 वर 350 च्याही पुढे. हे आकडे वाचून कोणाचाही थरकाप उडेल. पण ते कशाने गाठले गेले तेही पाहायला हवे: पुढे एकदाही उचलता येणार नाही अशा थकव्यापर्यंत केलेली आवर्तने, सर्वांत मोठ्या स्नायूंचे काम, आणि कोंडलेला श्वास. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब चढतो आणि तो रक्तदाबावर स्वार होतो. म्हणून उपायही त्याच तीन गोष्टींत आहे. थकव्याच्या टोकाला जायचे नाही, दोन-तीन आवर्तने शिल्लक ठेवून थांबायचे. उचलताना तोंडाने श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. मोठ्याने आकडे मोजत उचलले तरी चालते, कारण बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. आणि मूठ गरजेपेक्षा आवळायची नाही. एवढे पाळून महिनोन्‌महिने व्यायाम करणाऱ्यांचा नेहमीचा, विश्रांतीचा रक्तदाब उलट थोडा उतरतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2023 च्या निवेदनात ही उतरण वरच्या आकड्यात सरासरी चार आणि खालच्या आकड्यात दोन अंशांची दिली आहे. फार नव्हे, पण दिशा कोणती ते कळते.

याचा अर्थ सगळ्यांनी उद्यापासून सुरू करावे असा मुळीच नाही. बसल्या जागी छातीत दुखणे किंवा अलीकडे वाढत चाललेली छातीची कळ, 180 वर 110 च्या पुढे जाणारा आटोक्यात नसलेला दाब, महाधमनीच्या झडपेचे तीव्र आकुंचन, बळावलेला हृदयविकार ज्यात पाय सुजतात आणि आडवे होताच धाप लागते, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असणे: यांतले काहीही असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, मग वजन. कुठे फुगवटा येत असेल, हर्नियाची शंका असेल, तर शल्यचिकित्सकाला आधी दाखवावे. बाकीच्या असंख्य लोकांना, म्हणजे गोळीने दाब ताब्यात असलेल्यांना, अँजिओप्लास्टी होऊन स्थिरावलेल्यांना, डॉक्टरांच्या सल्ल्याने हा रस्ता मोकळा असतो. त्यांनी डॉक्टरांना ‘वजन उचलू का?’ असे मोघम विचारू नये, मोघम प्रश्नाला ‘नको’ हेच सोयीचे उत्तर असते. ‘दोन-दोन किलोचे डंबेल घेऊन, श्वास न कोंडता, आठवड्यातून दोनदा, असा व्यायाम चालेल का?’ असे विचारले की डॉक्टरलाही विचार करून उत्तर द्यावे लागते.

हाडांच्या बाबतीत तर आपण सल्ला अगदी उलटा देत आलो आहोत की काय अशी शंका येते. हाडे ठिसूळ झाली असे कळले की बाईला सांगितले जाते, जपून राहा. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात बेलिंडा बेक आणि सहकाऱ्यांनी पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या 101 स्त्रियांवर एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 2017-18 च्या सुमारास आले. सगळ्या अठ्ठावन्नच्या पुढच्या. त्यातल्या अर्ध्यांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, खरोखर जड वजने दिली: जमिनीवरून दांडा उचलणे, खांद्यावर वजन घेऊन बैठका, डोक्यावर वजन ढकलणे, आणि वरून जमिनीवर उडी. प्रत्येकी पाच-पाच आवर्तनांचे पाच फेरे, कमाल ताकदीच्या पंच्याऐंशी टक्क्यांवर. उरलेल्यांनी घरी हलका व्यायाम केला. जड उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली, हलक्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटली. दुखापत किती? एका स्त्रीच्या कमरेत किरकोळ लचक.

हा निकाल वाचून घरी तांदळाचे पोते खांद्यावर घ्यायला निघणाऱ्याला थांबवायला हवे, कारण त्या प्रयोगाची ताकद वजनाइतकीच त्याच्या शिस्तीत होती. लहान गट, प्रत्येक वेळी प्रशिक्षित माणूस समोर, आणि पहिला महिना फक्त रीत शिकण्यात, हलक्या भारावर. रीतीचे महत्त्व किती, हे मेयो क्लिनिकच्या 1984 च्या एका जुन्या अभ्यासातून उमगते. ठिसूळ हाडे असलेल्या 59 स्त्रियांपैकी ज्या पुढे वाकण्याचे व्यायाम करत होत्या त्यांच्यापैकी 89 टक्क्यांच्या मणक्यांत नव्याने चेपल्याच्या खुणा आढळल्या. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण 16 टक्के होते. अभ्यास छोटा, त्याच्या रचनेतही उणिवा होत्या, तेव्हा आकडे ब्रह्मवाक्य मानू नयेत. तरी कणा गोल करून वाकल्यावर मणक्याच्या पुढच्या कडेवर सगळा दाब येतो हे यंत्रशास्त्र साधे आहे. मणक्यांची हाडे ठिसूळ झाल्याचे ठाऊक असताना पहाटेच्या वर्गात पायाचे अंगठे पकडण्याची शर्यत लावणाऱ्या काकूंना कोणी अडवत नाही आणि पाठ ताठ ठेवून पाच किलो उचलणाऱ्या काकूंना सगळे ओरडतात, हा मला तरी उफराटा न्याय वाटतो.

गुडघ्यांचे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे. गुडघेदुखी असलेल्या 377 जणांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दीड वर्षानंतर जड वजनाचा गट, हलक्या वजनाचा गट आणि फक्त आरोग्यविषयक चर्चा ऐकणारा गट यांच्या वेदनांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तेव्हा जड वजनाने गुडघे बरे होतात असा दावा कोणी केला तर तो पुराव्याच्या पुढे गेला. त्याच वेळी जडाने वेदना वाढल्या असेही दिसले नाही. गुडघा दुखणाऱ्या माणसाला मांडीची ताकद हवीच असते, जिन्यासाठी, उठण्यासाठी, बसच्या पायरीसाठी. ती त्याने झेपेल त्या भारावर कमवावी. दुखणे दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पातळीवर परतले तर भार योग्य होता, सूज आली किंवा दोन दिवस लंगडावे लागले तर तो कमी करायचा.

दुसरी मर्यादा पडण्याविषयी. वजन उचलणारा म्हातारा पडत नाही, असा एक समज पसरतो आहे. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे शंभराहून अधिक प्रयोग एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षांत, व्यायामाने पडण्याचे प्रमाण जवळपास एक चतुर्थांशाने घटते असे दिसले, पण ते श्रेय मुख्यतः तोलाच्या आणि उठण्या-चालण्यासारख्या हालचालींच्या व्यायामाला होते. निव्वळ वजनांनी पडणे कमी होते की नाही, हे त्या आढाव्यातून ठरत नाही. पडता पडता सावरायला ताकद लागते, पण तोल ही वेगळी विद्या आहे आणि ती वेगळी गिरवावी लागते: ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभे राहणे, फरशीच्या रेघेवर टाचेला चवडा लावून चालणे.

प्रत्यक्षात काय करायचे? महागडे यंत्र लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे हा पहिला धडा. आशियाई तज्ज्ञगटाने 2019 मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार पाच वेळा उठून बसायला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर स्नायूंची झीज संशयास्पद समजतात, म्हणजे ही परीक्षाही आहे आणि व्यायामही. ते सोपे झाले की छातीशी लिटरभर पाण्याची बाटली धरायची, मग दोन, मग पाठीवरच्या पिशवीत तांदूळ. ओट्याला धरून टाचा उचलणे पोटऱ्यांसाठी, भिंतीवर हात टेकून जोर मारणे छातीसाठी, दाराच्या कडीला घट्ट अडकवलेला रबरी पट्टा ओढणे पाठीसाठी. दोन्ही हातांत सारख्या भाराच्या पिशव्या घेऊन खोलीत फेऱ्या मारणे हा तर फारच गुणी व्यायाम, त्यात पकड, खांदे, कंबर, चाल सगळे येते. एकाच हातात पिशवी घेऊन लोंबकळत चालण्याशी त्याची गल्लत नको. जमिनीवरून काही उचलताना वस्तू पायांजवळ घ्यायची, पाठ सरळ ठेवून खुब्यातून आणि गुडघ्यांतून खाली जायचे, उचलून मग पावले टाकून वळायचे. उचलता उचलता कमरेतून पिळणे हीच कंबर धरण्याची हमखास रीत. आधी पाच-सात मिनिटे अंग गरम करायचे. दोन सत्रांमध्ये निदान एक दिवस मोकळा सोडायचा. बारा आवर्तने सहज होऊ लागली की भार अर्धा-एक किलोने वाढवायचा, एका वेळी एवढाच. दुसऱ्या दिवशी अंग ठणकते ते चालते. सांध्यात टोचणारी कळ, छातीत भरून येणे, भोवळ, हे चालत नाही, तिथे थांबायचे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी हा उद्योग करू नये. दाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आडवे झाल्यावर झटकन उठू नये. घरातल्या भरलेल्या गॅस सिलिंडरवर मात्र कोणी ताकद आजमावू नये, त्यात 14.2 किलो गॅस आणि जवळपास तेवढेच लोखंड असते, शिवाय पकड वाईट.

खाण्याकडे पाहिले तर आपल्या वरण-भात-पोळीच्या ताटात प्रथिने बेताचीच असतात. भारतीयांसाठीची अधिकृत शिफारस वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅमची आहे, तर वृद्धांविषयी तज्ज्ञांचा कल एक ते सव्वा ग्रॅमकडे झुकतो. साठ किलोच्या माणसाला रोज साठ-सत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहाच्या आसपास ग्रॅम असतात, वाटीभर घट्ट वरणातही साधारण तेवढेच, यावरून हिशेब करता येईल. दात गेल्यावर लोक चहा-पोळीवर दिवस काढतात, तिथे स्नायू कशातून भरणार? मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हे प्रमाण ठरवावे.

आपल्या तालमींना या विषयात पारंपरिक अधिकार असायला हवा होता. मुद्गल एकदम मोठा हातात देत नसत. आधी छोटा, मग मोठा, जोर-बैठकांचा आकडाही दिवसामासांनी चढे. चढत्या मापाची ही अक्कल तिथे होतीच. पण तालीम तरुण पुरुषांची राहिली आणि आजची जिमही आरसे, ढणाणणारे संगीत आणि ‘अजून एक, अजून एक’ म्हणून ओरडणारा प्रशिक्षक यांच्यासह पंचविशीतल्यांसाठी बेतलेली असते. जिला याची गरज सर्वांत जास्त, ती पाळी गेलेली, मुळातच कमी स्नायूची, पुरुषापेक्षा जास्त वर्षे जगणारी बाई या दोन्ही ठिकाणी परकी. पकड कमजोर ठरवण्याचा त्याच आशियाई तज्ज्ञगटाचा निकष पुरुषांसाठी 28 किलोखाली आणि स्त्रियांसाठी 18 किलोखाली असा आहे. इतक्या खालच्या पायरीवरून सुरुवात करणाऱ्यांसाठी घसरायला जागाच थोडी असते. 2011 च्या जनगणनेत साठीपुढचे भारतीय दहा कोटींच्या वर होते. ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभागृहांत व्याख्याने आणि भजने होतात, तिथेच आठवड्यातून दोनदा चार खुर्च्या, रबरी पट्टे आणि एक जाणकार फिजिओथेरपिस्ट आणणे खर्चाच्या दृष्टीने काही अवघड नाही.

‘या वयात कशाला, किती दिवस टिकणार?’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो विचारणारे बहुधा थकलेले असतात. डेन्मार्कमध्ये निवृत्तीच्या वयाच्या आसपासच्या साडेचारशे लोकांपैकी काहींना वर्षभर, आठवड्यातून तीनदा, जड वजनांचा व्यायाम दिला गेला आणि मग सोडून दिले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात असे दिसले, की सुरुवातीपासून चार वर्षांनंतरही त्यांच्या पायांची ताकद जिथून सुरुवात केली तिथेच टिकली होती. मध्यम भाराचा व्यायाम करणाऱ्यांची आणि काहीच न करणाऱ्यांची खाली गेली होती. तरी मध्ये खंड पडणारच: ताप येतो, नातवाचे लग्न निघते, दवाखान्यात चार दिवस जातात. परत येताना जिथे सोडले तिथून उचलायचे नाही. भार निम्म्यावर आणायचा, पहिले आठ-दहा दिवस फक्त रीत आणि श्वास पाहायचा, मग पुन्हा अर्ध्या किलोने चढायचे.